पोकेमॉन गो: तारे मोजण्याआधी लेव्हल बघा

पोकेमॉन गो या मोबाइल गेममध्ये पकडलेले, मॅचॉप जातीचे दोन पोकेमॉन समोर आहेत. एकाचा सीपी, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा ताकदीचा आकडा, ७३०, दुसऱ्याचा ७२५. अप्रेझ करून, म्हणजे गेमकडून जन्मजात गुण तपासून, बघितलं तर पहिल्याला चार तारे आणि तिन्ही पट्ट्या काठोकाठ भरलेल्या. दुसऱ्याला एकही तारा नाही, पट्ट्या कोऱ्या. बहुतेक जण इथे फार विचार करत नाहीत. दुसरा गेममधल्या प्रोफेसर विलोकडे ट्रान्सफर करून, म्हणजे कायमचा देऊन टाकून, मोकळे होतात. पण गुणांत एवढी तफावत असताना सीपी जवळजवळ सारखा कसा, हा प्रश्न इथेच पडायला हवा. उत्तर असं की पहिला मॅचॉप लेव्हल २० वर आहे आणि दुसरा लेव्हल २५ वर. आजच्या घडीला दोघांचा फटका जवळपास सारखाच बसतो. पहिल्याला २५ पर्यंत न्यायचं म्हटलं तर ३१,००० स्टारडस्ट (पोकेमॉन पकडून जमवायचं गेममधलं चलन) मोजावं लागेल.

पोकेमॉन गोमध्ये नव्या खेळाडूचं जे नुकसान होतं, ते बहुतेक याच ठिकाणी होतं. तारे डोळ्यांना दिसतात. लेव्हल मात्र गेम आकड्यात सांगतच नाही. त्यामुळे लोक ताऱ्यांच्या मागे धावतात, चांगले पोकेमॉन ट्रान्सफर करतात आणि महिनोन्‌महिने जमवलेलं स्टारडस्ट एकाच लाडक्यावर उधळतात. ट्रान्सफर केलेला पोकेमॉन परत मिळत नाही, खर्च झालेलं स्टारडस्टही नाही. म्हणून पोकेमॉनची ताकद नेमकी कशातून येते आणि ट्रेनिंगने ती किती वाढते, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं. जुलै २०१६ मध्ये गेम आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जिओच्या साथीने भारतात अधिकृतपणे सुरू झाला. तेव्हापासून त्यात कितीतरी गोष्टींची भर पडली, पण ताकदीचं मूळ गणित तेच राहिलं आहे.

ताकद तीन थरांत असते

प्रत्येक पोकेमॉनला तीन स्टॅट्स असतात: अटॅक, डिफेन्स आणि एचपी (जीव). त्यातला प्रत्येक आकडा तीन गोष्टींपासून बनतो.

पहिली गोष्ट जातीची. मॅचॅम्प म्हटला की त्याचा मूळ अटॅक २३४, डिफेन्स १५९, एचपी २०७. जगातल्या प्रत्येक मॅचॅम्पला हेच आकडे. म्यूटूचा मूळ अटॅक ३०० आहे, मॅचॉपचा फक्त १३७. या थरात तुमच्या हातात काही नाही, फक्त कोणती जात वाढवायची हे तुम्ही ठरवता. इव्हॉल्व्ह केलं की जात बदलते (मॅचॉपचा मॅचोक, मॅचोकचा मॅचॅम्प) आणि मूळ आकडे एकदम वर जातात. एकाच बटणात मिळणारी सगळ्यात मोठी वाढ हीच.

दुसरी गोष्ट आयव्ही, म्हणजे त्या एका पोकेमॉनचे जन्मजात गुण. अटॅक, डिफेन्स, एचपी या तिघांसाठी ० ते १५ मधला एकेक आकडा पकडण्याच्या वेळी ठरतो आणि मूळ आकड्यात मिळवला जातो. अप्रेझमध्ये दिसणाऱ्या तीन पट्ट्या याच. पट्टीचे तीन भाग असतात, प्रत्येक भाग पाचाचा. पूर्ण १५ झाले की पट्टीचा रंग लाल होतो. तिन्हींची बेरीज ४५ असेल तर चार तारे, ३७ ते ४४ ला तीन, ३० ते ३६ ला दोन, २३ ते २९ ला एक, आणि त्याखाली एकही नाही. इव्हॉल्व्ह केल्याने किंवा पॉवर-अप दिल्याने आयव्ही बदलत नाहीत.

तिसरी गोष्ट लेव्हल. ती अर्ध्या-अर्ध्या पायरीने १ पासून ५० पर्यंत चढते आणि पॉवर-अपचं बटण दाबलं की अर्धी लेव्हल वाढते. प्रत्येक लेव्हलला एक ठरावीक गुणक असतो: लेव्हल २० ला ०.५९७४, ३० ला ०.७३१७, ४० ला ०.७९०३, ५० ला ०.८४०३. जात आणि आयव्ही यांची बेरीज करायची आणि तिला या गुणकाने गुणायचं, की खरा स्टॅट मिळतो. म्हणजे १५ आयव्हीचा मॅचॅम्प लेव्हल ४० वर असेल तर त्याचा अटॅक २३४ अधिक १५, म्हणजे २४९, गुणिले ०.७९०३, सुमारे १९७.

लेव्हल ओळखायची कशी, तर पॉवर-अपला किती स्टारडस्ट लागतं ते वाचायचं. २,५०० मागत असेल तर पोकेमॉन लेव्हल १९ ते २०.५ च्या मध्ये आहे. ३,००० म्हणजे २१ ते २२.५, ४,००० म्हणजे २५ ते २६.५, आणि ५,००० म्हणजे २९ ते ३०.५. लकी पोकेमॉनला हा खर्च निम्मा, शॅडोला २० टक्के जास्त आणि प्युरिफाय केलेल्याला १० टक्के कमी, एवढं फक्त ध्यानात ठेवायचं (हे प्रकार काय ते पुढे येईलच). ही एक सवय लागली की गेम लपवतो तो आकडा तुम्हाला कायम दिसत राहतो.

मग सीपी म्हणजे काय? तो या तिन्ही स्टॅट्सचा एकत्र सारांश आहे, आणि तो काढायची रीत थोडी तिरपी आहे. गुणकाने गुणण्याआधीचे, म्हणजे जात अधिक आयव्ही एवढेच, आकडे धरायचे. अटॅक पूर्ण घ्यायचा, पण डिफेन्सचं आणि एचपीचं वर्गमूळ घ्यायचं. तिघांचा गुणाकार करायचा, त्याला लेव्हलच्या गुणकाच्या वर्गाने गुणायचं, १० ने भागायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. त्यामुळे अटॅक १० टक्के वाढला की सीपी १० टक्के वाढतो, पण डिफेन्स १० टक्के वाढला तर सीपी जेमतेम ५ टक्के वाढतो. ही तिरपी रीत पुढे लीगमध्ये (खेळाडूंमधल्या लढतींत) फार महत्त्वाची ठरते, तेव्हा ती लक्षात असू द्या.

चार तारे नेमके किती देतात?

आता मॅचॅम्पवरच हिशेब करून बघू. दोघे लेव्हल ४० वर: एकाचे आयव्ही तिन्ही १५, दुसऱ्याचे तिन्ही शून्य. सीपी येतो ३०५६ आणि २६५१. चारशेचा फरक डोळ्यांत भरतो. पण रेडमध्ये, म्हणजे एका बलाढ्य पोकेमॉनशी होणाऱ्या लढाईत, समोरच्या बॉसला तुमचा सीपी लागत नाही, तुमचा अटॅक लागतो. अटॅक आहे २४९ विरुद्ध २३४. फरक साडेसहा टक्क्यांच्या आतच. हा फरकही जगातल्या सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट मॅचॅम्पमधला आहे. तुमच्याकडे पडून असलेल्या दोन आणि तीन ताऱ्यांच्या मॅचॅम्पमध्ये तो साधारण एक-दोन टक्क्यांवर येतो. लढाईत डॅमेज पूर्ण आकड्यात मोजलं जातं, अपूर्णांक गळून पडतात, त्यामुळे कित्येकदा एवढ्याशा फरकाने एका फटक्याचं डॅमेज एका अंकानेही बदलत नाही.

आता त्याच शून्यवाल्या मॅचॅम्पला लेव्हल ४० वर ठेवा आणि चार ताऱ्यांच्या मॅचॅम्पला लेव्हल ३० वर. शून्यवाल्याचा अटॅक १८५ च्या आसपास, चार तारेवाल्याचा १८२. सीपी २६५१ विरुद्ध २६२०. म्हणजे दहा लेव्हलच्या जोरावर सगळ्यात वाईट आयव्हीचा पोकेमॉन सगळ्यात चांगल्याच्या पुढे गेला. डिफेन्स मात्र थोडा कमीच राहिला, तेव्हा बरोबरी झाली म्हणणं जास्त प्रामाणिक ठरेल. पण जी चीज चार हजारांत एकदा मिळते, तिची बरोबरी साध्या पॉवर-अपने होते, हे कळल्यावर ट्रान्सफरच्या बटणावरचं बोट आपोआप थांबतं.

स्टारडस्ट कुठे थांबवायचं?

लेव्हल महत्त्वाची म्हणून सगळं स्टारडस्ट लेव्हलमध्ये ओता, असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. कारण लेव्हल वाढवणं पायरीगणिक महाग होत जातं आणि मोबदला उलट घटत जातो.

लेव्हल २० पासून ३० पर्यंत जायला ७५,००० स्टारडस्ट लागतं आणि तिन्ही स्टॅट्स सुमारे २२ टक्क्यांनी वाढतात. ३० पासून ४० पर्यंत १,५०,००० लागतं, वाढ ८ टक्के. ४० पासून ५० पर्यंत २,५०,००० लागतं, वाढ ६ टक्क्यांच्या थोडी वर, आणि शिवाय त्या टप्प्यात साध्या कँडीऐवजी (पॉवर-अपला स्टारडस्टसोबत लागते ती) एक्सएल कँडी लागते, जी जमवायला फार वेळ जातो. साध्या १०० कँडी मोडल्या तर एक एक्सएल मिळते, यावरून अंदाज यावा. दहावीला ६० टक्क्यांवरून ८० वर जायला जेवढा अभ्यास लागतो, त्याहून जास्त ९२ वरून ९५ वर जायला लागतो, तसंच हे.

आता हे आकडे शेजारी-शेजारी मांडून बघा. रेडमध्ये पकडलेला पोकेमॉन लेव्हल २० वर मिळतो. त्या एकाला २० वरून थेट ५० वर न्यायचं तर ४,७५,००० स्टारडस्ट. तेवढ्यातच सहा पोकेमॉन २० वरून ३० वर नेले तर ४,५०,००० लागतं आणि वर २५,००० शिल्लक राहतं. रेडची टीम सहाचीच असते. पन्नासचा एक आणि वीसचे पाच अशा टीमपेक्षा तिसाचे सहा कितीतरी जास्त डॅमेज देतात, कारण पन्नासचा हिरो पडल्यावर उरलेले पाच फार काळ टिकत नाहीत. माझं मत ठाम आहे: पहिले सहा जण तिसावर पोचेपर्यंत कुणालाही त्यापुढे नेऊ नये, मग तो कितीही लाडका असो. विद्यार्थ्यांनी तर नाहीच, कारण त्यांना खेळायला दिवसाचा एखादा तासच मिळतो आणि त्या वेळात जमणारं स्टारडस्ट मर्यादित असतं.

किती मर्यादित? इव्हॉल्व्ह न झालेला साधा पोकेमॉन पकडला की १०० स्टारडस्ट, एकदा इव्हॉल्व्ह झालेला ३००, दोनदा झालेला ५००. हवामानाचा बूस्ट असेल, म्हणजे गेममधलं हवामान त्या पोकेमॉनला अनुकूल असेल, तर त्यावर आणखी एक चतुर्थांश. स्टार पीस लावला तर अर्धा तास दीडपट. साधे पोकेमॉनच पकडत राहिलात तर ७५,००० साठी ७५० पकडावे लागतील. म्हणून वाटेत आयता उभा असलेला इव्हॉल्व्ह झालेला पोकेमॉन, कामाचा नसला तरी, सोडून जाऊ नये.

टाइप आणि मूव्ह: मोठा फरक इथे पडतो

समजा समोर टायरॅनिटारची रेड आहे. टायरॅनिटार रॉक आणि डार्क अशा दोन टाइपचा, आणि दोन्ही टाइप फायटिंगपुढे कच्चे. एक टाइप कच्चा असेल तर डॅमेज १.६ पट होतं, दोन्ही असतील तर १.६ गुणिले १.६, म्हणजे २.५६ पट. मॅचॅम्प स्वतः फायटिंग टाइपचा असल्याने फायटिंग मूव्ह (हल्ला) वापरली की आणखी १.२ पट. त्या वेळी गेममध्ये हवामान ढगाळ असेल तर त्यावरही १.२ पट. या सगळ्यांचा गुणाकार साडेतीनच्या पुढे जातो. चार ताऱ्यांनी जास्तीत जास्त जे साडेसहा टक्के दिले असते, ते या शेजारी ठेवून बघा.

याच्या उलट, चुकीची मूव्ह असेल तर चार तारे असून काही होत नाही. ज्या मूव्हला समोरचा दाद देत नाही तिचं डॅमेज ०.६२५ पट होतं. त्यामुळे पॉवर-अप देण्याआधी पोकेमॉनच्या दोन्ही मूव्ह (झटपट मारायची फास्ट आणि ताकद साठवून मारायची चार्ज्ड) वाचाव्यात: दोन्ही एकाच टाइपच्या आहेत का, आणि तो टाइप पोकेमॉनच्या टाइपशी जुळतो का? टायरॅनिटारसाठी मॅचॅम्पकडे काउंटर आणि डायनॅमिक पंच असले की काम झालं. नसतील तर टीएम, म्हणजे मूव्ह बदलायची वस्तू, वापरून बदलता येतात. फास्ट टीएम आणि चार्ज्ड टीएम मूव्ह नशिबावर बदलतात, एलिट टीएममध्ये तुम्ही हवी ती निवडता. एलिट टीएम मोजकेच मिळतात, तेव्हा ते साध्या मूव्हसाठी वाया घालवू नयेत.

शॅडो: कमी तारे, जास्त फटका

ताऱ्यांचा मोह किती नडतो हे शॅडो पोकेमॉनच्या बाबतीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. टीम रॉकेट या गेममधल्या खलनायक टोळीच्या ग्रंटला (साध्या सदस्याला) हरवलं की त्याचा एक शॅडो पोकेमॉन पकडायला मिळतो. शॅडोचा फटका २० टक्के जास्त बसतो आणि त्याला मारही २० टक्के जास्त बसतो.

माझी भाची असाच एक शॅडो मॅचॉप घेऊन आली. अप्रेझमध्ये एकही तारा नव्हता. "मामा, हा अगदीच टाकाऊ आहे. प्युरिफाय करू की सरळ ट्रान्सफर?" तिचं बोट प्युरिफायवरच, म्हणजे शॅडोपण काढून टाकणाऱ्या बटणावरच, होतं. मी तिला कागदावर दोन ओळी मांडून दाखवल्या. साधा मॅचॅम्प, चार तारे: अटॅक २४९. तिचा शॅडो मॅचॉप इव्हॉल्व्ह होऊन मॅचॅम्प झाला तर: २३४, त्यावर २० टक्के, म्हणजे जवळजवळ २८१. तिने दोन्ही आकडे पुन्हा स्वतः करून बघितले, मग तिसऱ्या ओळीत प्युरिफाय केल्यावर काय होईल ते लिहिलं: प्रत्येक आयव्हीत २ ची भर, म्हणजे अटॅक २३६, आणि २० टक्के गेले. "म्हणजे प्युरिफाय केला तर तो कमजोर होतो?" रेडसाठी, हो. आता तो तिच्या टीममध्ये पहिल्या जागेवर असतो.

एक अडचण मात्र आहे. शॅडो पोकेमॉन फ्रस्ट्रेशन नावाची कुचकामी चार्ज्ड मूव्ह घेऊन येतो आणि ती एरवी टीएमने काढता येत नाही. टीम रॉकेटचे काही खास इव्हेंट होतात, त्या दिवसांतच ती काढता येते. तेव्हा चांगल्या जातीचे शॅडो जपून ठेवायचे, आणि इव्हेंट जाहीर झाला की चार्ज्ड टीएम घेऊन बसायचं.

प्युरिफाय करण्यात अर्थ असतो तो एका ठिकाणी. शॅडोचे तिन्ही आयव्ही १३ किंवा त्याहून जास्त असतील, तर प्युरिफाय केल्यावर तिन्ही १५ होतात. चार तारे हवेच असतील तर हा एक आडमार्ग आहे.

चांगले आयव्ही कुठून येतात?

ज्यांना चार तारे हवेच आहेत, त्यांच्यासाठी शक्यतेचा हिशेब. रस्त्यावर सहज पकडलेल्या पोकेमॉनला प्रत्येक आयव्हीसाठी १६ शक्यता, म्हणून तिन्ही १५ यायची शक्यता ४,०९६ मध्ये एक. हवामानाचा बूस्ट असेल तर कुठलाही आयव्ही ४ च्या खाली येत नाही, शक्यता होते १,७२८ मध्ये एक. रेड, अंडं किंवा रिसर्चमधून (गेमने दिलेल्या कामांतून) मिळालेल्या पोकेमॉनला किमान १० असतात, म्हणजे २१६ मध्ये एक. लकी ट्रेडमध्ये (दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल करताना पोकेमॉन लकी ठरला तर) किमान १२, म्हणजे ६४ मध्ये एक. थोडक्यात, रस्त्यावरचे हजारो पोकेमॉन अप्रेझ करत बसण्यापेक्षा हव्या त्या जातीच्या काही रेड किंवा एक लकी ट्रेड जास्त उपयोगी.

लकी ट्रेडचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे: पॉवर-अपचं स्टारडस्ट निम्मं. २० वरून ३० वर ३७,५०० मध्ये. माझ्या मते लकीची खरी किंमत त्याच्या आयव्हीत नाही, या निम्म्या खर्चात आहे. पोकेमॉन जितका जुना पकडलेला, तितकी ट्रेडमध्ये तो लकी व्हायची शक्यता जास्त, म्हणून काही वर्षांपूर्वी पकडलेले निरुपयोगी वाटणारे पोकेमॉनही एकदम साफ करू नयेत.

ट्रेडमध्ये आयव्ही नव्याने ठरतात, हे मात्र डोक्यात पक्कं ठेवा. मॅचोक ट्रेड केला की १०० कँडी न लागता मॅचॅम्प होतो, आणि या सोयीपोटी कुणी आपला चार ताऱ्यांचा मॅचोक मित्राला देतो. समोरच्याला तो नव्या आयव्हीसह मिळतो. चार ताऱ्यांचा असेल तर कँडी जमवून स्वतःच इव्हॉल्व्ह करायचा, आणि दोन ताऱ्यांचा असेल तर खुशाल ट्रेड करायचा. एकदा ट्रेड झालेला पोकेमॉन परत ट्रेड होत नाही, आणि शॅडो तर ट्रेड होतच नाही. दिवाळीत नागपूरचे आणि पुण्याचे चुलत भाऊ एकत्र आले की आपापल्या गावी पकडलेले पोकेमॉन अदलाबदल करावेत, कारण दोन पोकेमॉन पकडल्याची ठिकाणं १०० किलोमीटरहून लांब असतील तर कँडी जास्त मिळतात.

हवामानाचं म्हणाल तर आपला पावसाळा या गेममध्ये फार कामाचा आहे. पाऊस असताना वॉटर, इलेक्ट्रिक आणि बग टाइपला बूस्ट मिळतो. ढगाळ असताना फायटिंग, पॉयझन आणि फेअरीला. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात आणि घाटावर गेममधलं हवामान दिवसचे दिवस याच दोन प्रकारांत फिरत असतं. बूस्ट असलेला जंगली पोकेमॉन लेव्हल ३५ पर्यंतचा मिळू शकतो, नाहीतर ३० पर्यंत. रेडमध्ये बूस्ट असेल तर पकडलेला पोकेमॉन २० ऐवजी २५ वर मिळतो, म्हणजे ते ३१,००० स्टारडस्ट वाचलं. म्हणून मॅचॉप जमवायचे तर आषाढ-श्रावणात. उलट आइस आणि स्टील या टाइपना फक्त बर्फाच्या हवामानात बूस्ट मिळतो, तो महाराष्ट्रात मिळायची वाट बघू नये. त्यांच्यासाठी रेड आणि अंडी हाच मार्ग.

२०२५ पासून एक नवी सोय आली आहे: हायपर ट्रेनिंग. त्यासाठी बॉटल कॅप लागतं. चांदीचं कॅप एका स्टॅटच्या आयव्हीसाठी, सोन्याचं तिन्हींसाठी. कॅप वापरलं की लगेच आकडा वाढत नाही. गेम कामं देतो, ती पूर्ण करत गेलं की आयव्ही वर चढतात. याआधी प्युरिफाय किंवा ट्रेड सोडून आयव्ही बदलायचा मार्गच नव्हता, त्यामुळे ही मोठी गोष्ट आहे. पण कॅप दुर्मीळ आहेत. ते कुणावर वापरावं? ज्याच्यावर तुम्ही आधीच एक्सएल कँडी खर्च केल्या आहेत आणि जो मास्टर लीगमध्ये रोज खेळतो, त्याच्यावर. नुकत्याच पकडलेल्या, लेव्हल २० वर पडून असलेल्या पोकेमॉनवर नाही.

लीगमध्ये गणित उलटं फिरतं

खेळाडूंमधल्या लढाईत ग्रेट लीगला सीपी १५०० ची मर्यादा असते, अल्ट्रा लीगला २५०० ची. इथे सगळ्यांचा सीपी जवळपास सारखाच असतो, त्यामुळे प्रश्न बदलतो: तेवढ्याच सीपीत जास्तीत जास्त ताकद कशी बसवायची? आणि इथे ती वर्गमुळाची तिरपी रीत उपयोगी पडते. अटॅक सीपीत महाग आहे, डिफेन्स आणि एचपी स्वस्त. म्हणून अटॅकचा आयव्ही शून्य आणि बाकीचे दोन १५ असलेला पोकेमॉन बहुतेक वेळा फार चांगला ठरतो.

पुन्हा मॅचॅम्पवरच बघू. तिन्ही १५ असलेला मॅचॅम्प १५०० च्या आत ठेवायचा तर लेव्हल १७ ला थांबावं लागतं, सीपी १४८४. त्याचा अटॅक १३७ च्या आसपास, डिफेन्स ९६, एचपी १२२. अटॅक ०, डिफेन्स १५, एचपी १५ असलेला मात्र लेव्हल १८ पर्यंत जातो, सीपी १४७७. अटॅक १३३, डिफेन्स ९९ च्या जवळ, एचपी १२५. अटॅकमध्ये चार कमी, पण तो जास्त फटके सोसतो, आणि ग्रेट लीगमध्ये एक फटका जास्त सोसणं म्हणजे कित्येकदा एक चार्ज्ड मूव्ह जास्त मारणं. अप्रेझमध्ये या मॅचॅम्पला दोनच तारे दिसतात. बेरीज ३० ना! ज्याने तारे बघून तो ट्रान्सफर केला त्याने ग्रेट लीगसाठी फार चांगला मॅचॅम्प घालवला. म्हणून पट्ट्या बघताना वरची पट्टी कोरी आणि खालच्या दोन लाल दिसल्या की तो पोकेमॉन बाजूला काढून ठेवावा आणि त्यावर टॅग लावावा.

लीगसाठी दुसरी चार्ज्ड मूव्ह उघडणंही जवळपास आवश्यक असतं. तिची किंमत जातीप्रमाणे बदलते: काहींना १०,००० स्टारडस्ट आणि २५ कँडी पुरतात, मॅचॉपच्या घराण्याला ५०,००० आणि ५० कँडी, आणि लेजंडरींना (दुर्मीळ, बलाढ्य जातींना) १,००,००० आणि १०० कँडी. नव्या खेळाडूने स्वस्तवाल्या जातींपासून सुरुवात केली तर एका लेजंडरीच्या खर्चात अख्खी टीम उभी राहते.

मास्टर लीगला सीपीची मर्यादा नाही. तिथे समोरच्याकडेही तोच पोकेमॉन लेव्हल ५० चा असू शकतो, आणि दोघांनी एकाच क्षणी चार्ज्ड मूव्ह दाबली तर ज्याचा अटॅक जास्त त्याची आधी लागते. इथे मात्र १५ आणि १४ मधला एक अंकसुद्धा सामना फिरवतो. चार ताऱ्यांचा हट्ट सगळ्या गेममध्ये जर कुठे रास्त असेल तर तो इथे. तिथेच आणखी एक गोष्ट कामी येते, आणि तिला एक कणही स्टारडस्ट लागत नाही: बडी. पोकेमॉनला सोबत घेऊन चालायचं, बेरी भरवायच्या, त्याच्याशी खेळायचं, त्याला घेऊन लढायचं. असं रोज थोडं थोडं करत गेलं की काही आठवड्यांत तो बेस्ट बडी होतो आणि त्याला एक लेव्हल जास्तीची मिळते. पन्नासचा पोकेमॉन एक्कावन्नच्या ताकदीने लढतो. फक्त ही जास्तीची लेव्हल तो त्या वेळी तुमचा चालू बडी असेल तरच लागते, म्हणून लीगमध्ये उतरण्याआधी बडी बदलून घ्यायला विसरू नका.